निषिद्ध बोअर

जुन्या लष्करी रायफली जमवायचा छंद आपल्या देशात दोघांनाच परवडतो. एक, ज्यांच्या पणजोबांना तोफांची सलामी मिळायची ते. आणि दुसरा, पोलीस ठाण्याचा मालखाना. पहिल्यांकडे बंदुका भिंतीवर, वाघाच्या मुंडक्याशेजारी असतात. दुसऱ्याकडे त्या गावठी दारूच्या कॅनला टेकून, गळ्यात मुद्देमालाची चिठ्ठी बांधून, कोर्टाच्या पुढच्या तारखेपर्यंत धूळ खातात. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांच्याकडे वारसा म्हणून फक्त पेन्शन बुक आहे त्यांनी, पोस्टाची तिकिटं गोळा करावीत आणि गप्प बसावं, अशी एकंदर व्यवस्था आहे.

आमच्या भाऊजींनी तिकिटं गोळा केली नाहीत. गप्पही बसले नाहीत.

भाऊजी भिलाईचे. स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून रिसालीत घर बांधलं. त्यांच्या डोळ्यांखालून किती रूळ गेले याचा हिशोब रेल्वेकडे असेल. रुळाच्या पोटावर उठवलेली अक्षरं मात्र भाऊजींच्या डोक्यात आहेत. आपण प्लॅटफॉर्मवर उभं राहून घड्याळ बघतो, भाऊजी खाली रूळ वाचतात. मीटरला वजन ६० किलो, पोलादाची प्रत ८८०, करणाऱ्याचं नाव सेल, मग रोमन आकड्यात महिना, मग साल, मग पोलाद कोणत्या पद्धतीने केलं त्याची अक्षरं. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. भिलाई पॉवर हाउसला गाडी लेट झाली की लोक रेल्वेच्या नावाने खडे फोडतात आणि भाऊजी फलाटाच्या कडेला वाकून समाधानाने म्हणतात, "हा आपलाच. ऑक्टोबरचा."

असा माणूस निवृत्तीनंतर वाचायला काहीतरी शोधणार, हे उघड होतं. ताईला ज्ञानेश्वरीची आशा होती. पण आमच्याकडे नागपूरला एका लग्नाला आले असताना भाऊजी मंगलाष्टकांच्या आधी कार्यालयातून गायब झाले आणि संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये अजब बंगल्यात सापडले. १८६३ सालच्या त्या संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. भाऊजी काचेला नाक लावून उभे होते, काचेवर वाफ धरली होती आणि पहारेकरी त्यांच्यामागे, हा माणूस नक्की काय चोरणार आहे याचा अंदाज घेत उभा होता. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरी कपाटात आणि भिंग खिशात.

रूळ आणि रायफल यांत भाऊजींच्या मते फरक एवढाच, की रुळावरची अक्षरं दुरून दिसतात. रायफलीशी मात्र लगट करावी लागते. आपल्या पोलिसांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वाहिली ती थ्री नॉट थ्री घ्या. (ताईला बरीच वर्षं हे ३०२ च्या पुढचं कलम वाटायचं, आणि तसं एक कलम जुन्या दंडसंहितेत होतंही.) नळीचं भोक इंचाच्या हजार भागांपैकी ३०३, म्हणून थ्री नॉट थ्री. तिच्या उजव्या अंगाला, बोल्टच्या मागे, लाकडी दस्ता जिथे सुरू होतो तिथे एक लोखंडी कडं असतं. सगळी कुंडली तिथे. वर मुकुट. त्याखाली जी. आर. आय., म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट, तेही लॅटिनमध्ये; गोळी मारणारा आणि खाणारा या दोघांपैकी कोणालाही लॅटिन येत नसलं तरी राजाचा मान राहायला हवा. मग कारखान्याचं नाव, इशापूर. मग साल. मग नमुना: शॉर्ट, ली-एनफिल्ड, तीन नंबर, आणि त्या तीनपुढे कधीकधी एक तारा.

या ताऱ्याने मला फसवलं असतं. पोलिसांच्या खांद्यावर तारा वाढला की पगार वाढतो, तेव्हा हीही काहीतरी बढतीच असणार असं कोणालाही वाटेल. भाऊजींनी तोंड वाकडं केलं. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा घाईघाईने एक-दोन भाग वगळले. फार लांबवर झाडायचं जादा नेमदर्शक काढलं, मॅगझिन बंद करायची पट्टी काढली, आणि काढल्याबद्दल तारा दिला. एखाद्या खात्याने खर्चात कपात करून वर स्वतःला पदक घ्यावं, हा प्रकार आपल्याला नवा नसला तरी तो लोखंडावर कोरून ठेवायचा प्रामाणिकपणा नवा आहे.

सरकारी मालाची खूण वेगळी. तीन रेघांचा बाण, आणि त्याच्याखाली आय असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर उठवलेले असतील तर सरकारने तो माल सेवेतून काढून विकला. हे कळल्यावर भाऊजी काही वेळ शांत होते. मग म्हणाले, "आम्हाला निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देलं. दोन बाण मारले असते तं कपाळ पाहून लोकाइले समजलं असतं."

आता प्रश्न असा, की हे सगळं वाचायचं तर रायफल हवी. रायफल कुठून आणायची? १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली, आणि तेच वर्ष संपता संपता संसदेने शस्त्र कायदा मंजूर केला. वर्षाच्या आरंभी लोखंड ओतायची सोय झाली आणि अखेरीस, त्या लोखंडाचं काय करायचं नाही, याची. या कायद्याच्या हिशोबात थ्री नॉट थ्री 'निषिद्ध बोअर'मध्ये बसते. म्हणजे आपल्यासारख्याने तिचं नाव घ्यायचं ते फक्त आठवणींत. बिगरनिषिद्ध बंदूक परवान्यावर मिळते, पण तीही २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन. आधी तीन चालायच्या. दोन नगांच्या संग्रहाला संग्रह म्हणायचं का जोडा, हे ज्याने-त्याने ठरवावं. शिवाय निवडणूक जाहीर झाली की परवान्याची बंदूकही ठाण्यात जमा करा म्हणून निरोप येतो. विधानसभा, लोकसभा, महापालिका, पंचायत असा क्रम धरला तर तिचं कपाट नक्की कोणतं, असा संभ्रम खुद्द बंदुकीलाही पडावा.

आणि परवाना मागताना कारण सांगावं लागतं. जिवाला धोका आहे, शेतात रानडुकरं येतात, नेमबाजीच्या स्पर्धा खेळतो, ही कारणं हवालदाराला पटतात. "मला तिच्यावरचे शिक्के वाचायचे आहेत" असं सांगून बघा. तो पाण्याचा ग्लास खाली ठेवील आणि घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का विचारील.

तेव्हा भाऊजींनी बंदुका जमवायच्या ऐवजी बंदुकांवरचे शिक्के जमवायचं ठरवलं. संग्रह म्हणजे दोनशे पानी वह्या. डावीकडे पेन्सिलीने काढलेला ठसा, उजवीकडे तो कुठे दिसला आणि त्याचा अर्थ. बंदूक ज्याची त्याची, अक्षरं आपली. यावर कोणत्याही कायद्याचं कोणतंही कलम लागत नाही, फक्त ज्याच्या हातात ती बंदूक आहे त्याची समजूत घालावी लागते.

पहिला प्रयोग बँकेत झाला. बँकेच्या दारातला रखवालदार म्हणजे स्टुलावर बसलेला खाकी माणूस आणि त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी दुनळी. पेन्शनच्या दिवशी भाऊजी पासबुक भरायला म्हणून गेले, आत जायच्या ऐवजी दारातच वाकले आणि भिंग काढलं. दारात वाकलेला माणूस, बंदुकीपासून वीतभर अंतरावर त्याचं डोकं, आणि खिशातून काहीतरी चकाकणारं निघतंय. कॅशियरने एवढंच बघितलं आणि ड्रॉवर लावून घेतला. रखवालदार तेवढा शांत होता. "का देखत हव बबा?" त्याने विचारलं. भाऊजींनी त्याला समजावून सांगितलं, की बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. नळीच्या आतल्या मापाची शिशाची गोळी ओतली तर अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. रखवालदाराने इतक्या वर्षांत प्रथमच आपल्या गुडघ्यांमधल्या वस्तूकडे नीट पाहिलं. पुढच्या महिन्यापासून त्याने भाऊजींसाठी बंदूक पुसून ठेवायला सुरुवात केली. मॅनेजरने मात्र भाऊजींना पेन्शनची माहिती मोबाईलवर घ्यायला शिकवलं. ते सौजन्य होतं का बंदोबस्त, हे कळलं नाही.

रस्त्यावर तर, भाऊजी म्हणतात, शस्त्रागारच चालतं आणि कोणाला पत्ता नसतो. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ली-एनफिल्ड रायफली करणाऱ्यांतली एक मोठी कंपनी, आणि तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली. तेच नाव पुढे आपल्याकडच्या सायकलींवर आलं, आणि आमच्या पिढीने शाळेत जायला चालवलेल्या एका मॉडेलचं नाव होतं बी.एस.ए. एस.एल.आर.! एस.एल.आर. म्हणजे लष्करात आपोआप भरणारी रायफल, जी थ्री नॉट थ्रीनंतर आपल्या जवानांच्या हाती आली. बारावीच्या पोरांना सायकलच्या नावातून हे पढवायचा हेतू कंपनीचा नक्कीच नसणार. बुलेटवर लिहिलेलं एनफिल्ड हे लंडनजवळचं रायफलीच्या सरकारी कारखान्याचं गाव. त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या रेडिचच्या कंपनीने ते नाव मोटरसायकलला लावलं आणि टाकीवर तोफ काढली. भाऊजींच्या अंगणात एक गंजकी एस.एल.आर. आणि एक बुलेट उभी आहे. दोन नगांची मर्यादा त्यांनी पाळली आहे आणि परवाना वाहतूक खात्याचा आहे.

वर्तमानपत्र हे दुसरं कुरण. बस्तरच्या बातमीसोबत जप्त शस्त्रांचा फोटो येतो: सतरंजीवर ओळीने मांडलेल्या बंदुका, मागे उभे अधिकारी. आपण मथळा वाचतो, भाऊजी सतरंजी वाचतात. "हिचं नाक पहा, चपटं. थ्री नॉट थ्री. इथे लिहिलंय काय, तर देशी कट्टा! लिहिणाऱ्याने कधी बंदूक पाहिली तरी आहे का?" एकदा ताईने पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि फक्त म्हणाली, "यात माणसं मेलीत." त्यानंतर भाऊजी त्या बातम्या आधी पूर्ण वाचतात, मग फोटो बघतात. भिंग मात्र लावत नाहीत.

या फोटोंत एक बंदूक अशी असते, की तिच्यापुढे भाऊजींची सगळी विद्या संपते. तिला तिकडे भरमार म्हणतात. आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू घाला, छर्रे घाला, गजाने ठासा. गावातल्या लोहाराने केलेली. तिच्यावर मुकुट नाही, बाण नाही, साल नाही, नंबर नाही. भोसल्यांचं सैन्य १७४१ मध्ये नागपुराहून छत्तीसगडात उतरलं तेव्हा त्यांच्याही हातात तोड्याच्या बंदुका होत्या, तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही, असं मी सांगून पाहिलं. भाऊजी ऐकेनात. करणाऱ्याने काही लिहूनच ठेवलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. वहीत तिच्यासाठी एक पान आहे. डावी बाजू कोरी, उजवीकडे एकच शब्द: भरमार.

भाऊजींचा सगळ्यात आवडता शिक्का मात्र स्वातंत्र्यानंतरचा आहे. मुकुट गेला आणि त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले; बाकी रायफल तीच, साचे तेच, आणि कारागीरही बहुतेक तेच. सत्तांतरावर इतिहासकारांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, इशापूरच्या कामगाराने ते एका ठोक्यात उरकलं. पुढची गोष्ट सांगताना भाऊजींचा आवाज घोगरा होतो. १९६२ चं युद्ध झालं. नव्या बंदुका कमी पडत होत्या आणि काडतूस आता ७.६२ मिलिमीटरचं आलं होतं. तेव्हा इशापूरने जुन्या ली-एनफिल्डचाच आराखडा घेऊन ७.६२ ची रायफल काढली, २ए. तिच्या मागे लगेच २ए१. परदेशातले हौशी लोक अजून समजतात, की भारतीयांनी जुन्या थ्री नॉट थ्रीच्या नळ्या बदलून त्या खपवल्या. "चूक!" भाऊजी टेबलावर हात आपटतात आणि ताई कप उचलून घेते. "नवीन केली! पूर्ण नवीन! नव्या काडतुसाचा दाब जास्ती, म्हणून त्यांनी काय बदललं?" इथे सगळ्यांनी एका सुरात "स्टील" म्हणायचं असतं. आम्ही म्हणतो. नातवंडंही म्हणतात. शेजारी राहणारे तेलुगू गृहस्थही कंपाउंडच्या पलीकडून म्हणतात.

२ए वर नेम धरायची पट्टी जुनीच, २००० यार्डांपर्यंत खुणा असलेली. २ए१ वर ती ८०० मीटरची झाली. यार्ड जाऊन मीटर आले आणि अंतर निम्म्याहून खाली. मला यात मेट्रिक पद्धतीचा विजय दिसला. भाऊजींना प्रामाणिकपणाचा. २००० यार्डांवर, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरवर, नुसत्या डोळ्यांनी माणूस ओळखता येतो असं मानणारे साहेब गेले आणि चष्मा लागलेल्या हवालदाराचा विचार करणारे आले, असं ते सांगतात.

अशा कितीतरी २ए१ पुढे भंगाराच्या भावात अमेरिकेत गेल्या. ज्या रायफलीला हात लावला तर भिलाईच्या माणसाला जामीन शोधावा लागेल, ती तिकडे कुणाच्या गॅरेजमध्ये हरणाच्या शिंगांखाली टांगलेली असते, आणि तो गृहस्थ तिच्या लाकडात आडवा बसवलेला जादा स्क्रू कौतुकाने दाखवतो. त्या स्क्रूला जगभरचे हौशी 'इशापूर स्क्रू' म्हणतात. लाकूड तडकू नये म्हणून घातलेला एक साधा स्क्रू. बंगालमधल्या एका गावाचं नाव त्याने कुठल्या कुठे नेलं. ली-एनफिल्डवरचे जाड ग्रंथही एका ऑस्ट्रेलियन माणसाने, इयान स्केनरटन यांनी लिहिले. भाऊजींकडे त्यातल्या काही पानांच्या झेरॉक्स आहेत. त्या इतक्या वेळा वाचल्यात, की मूळ पुस्तकापेक्षा जुन्या दिसतात.

महाराष्ट्राचा यात वाटा काय, असं मी नागपूरकर या नात्याने विचारलं. (भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ ला झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती, हे भाऊजी मला दर भेटीत ऐकवतात, जणू मीच ती हलवली.) काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावर इंग्रजी के. एफ. असेल तर ती खडकीची, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यातली. ओ. एफ. व्ही. असेल तर भुसावळजवळच्या वरणगावची. म्हणजे बंदूक बंगालची, गोळी खानदेशची आणि खांदा उत्तर प्रदेशचा. राष्ट्रीय एकात्मतेची इतकी आटोपशीर व्याख्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडायची नाही.

वाचायची सवय एकदा लागली की ती बंदुकीपाशी थांबत नाही. एका दिवाळीला ताईने माळ्यावरची भांडी खाली काढली आणि भाऊजींना नवा खजिना सापडला. मराठी घरातलं प्रत्येक पातेलं ही मुळात नोंदणीकृत वस्तू असते. कोणी दिलं, कोणत्या प्रसंगाला, तारीख काय, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. भाऊजींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भांडी ओळीने मांडली आणि भिंग घेऊन तपासणी सुरू केली. रायफलीच्या जगात बोल्टवरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर एकच असला तर तिची किंमत वाढते. वेगवेगळे असले तर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये अदलाबदल झाली असं समजायचं. त्या नियमाने त्यांनी डबे आणि झाकणं जुळवली. आमच्या आईने ताईला लग्नात दिलेल्या सात डब्यांपैकी चारांची झाकणं भलत्याच घराण्यांची निघाली. त्यातलं एक भाऊजींच्या धाकट्या वहिनीच्या डोहाळजेवणाचं होतं. मग भाऊजींच्या वहिनीला फोन झाला, तिकडून आणखी दोन झाकणांची कबुली आली, आणि एका चांदीच्या वाटीचा विषय निघाला जो पंचवीस वर्षं कोणी काढला नव्हता. ताई म्हणाली, यापेक्षा बंदूक घरात असती तर परवडलं असतं.

शेवटी भाऊजींच्या हातात खरी थ्री नॉट थ्री आली ती नातवामुळे. तो कॉलेजात एन.सी.सी.त गेला. प्रजासत्ताक दिनाच्या परेडची तयारी चालली होती आणि कवायतीला तिथे डी.पी. रायफली निघतात. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज. गोळी झाडता येणार नाही अशी करून ठेवलेली, खांद्यावर मिरवण्यापुरती, आणि तसा शिक्का मारलेली. नातवाने कवायत शिकवणाऱ्या हवालदारसाहेबांना आजोबांबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. किती सांगितलं होतं ते माहीत नाही, पण साहेबांनी एक रायफल टेबलावर आडवी ठेवली, दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

चार किलोच्या आसपासचं ते लोखंड-लाकूड भाऊजींनी आधी नुसतं उचललं. मग चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. मुकुट होता. जी. आर. आय. होतं. इशापूर, १९४३. तीनपुढे तारा. लाकडात इशापूर स्क्रू. नातू वही धरून उभा होता आणि बाकीची पोरं 'विश्राम'मध्ये उभी राहून बघत होती. भाऊजी बोल्टच्या मुठीपाशी आले, नंबर वाचला, पुन्हा कड्यावरचा वाचला, पुन्हा मुठीवरचा.

"बोल्ट इसका नहीं है," ते म्हणाले.

"चाचाजी," हवालदारसाहेब शांतपणे म्हणाले, "तैंतालीस की है. बोल्ट बदल गया, लकड़ी बदल गई, सरकार भी बदल गई. आप दूसरी साइड देख लीजिए."

भाऊजींनी रायफल उलटी केली. दुसऱ्या बाजूला आणखी बरंच होतं. कुठल्यातरी डेपोची दुरुस्तीची खूण, एक खोडलेला नंबर, त्याच्याखाली दुसरा नंबर, आणि दस्त्याच्या लाकडावर चाकूने कोरलेलं एक अर्धवट नाव. ते कोणत्या लिपीत आहे यावर नातू, हवालदारसाहेब आणि भाऊजी यांचा बराच वेळ वाद झाला. परेड ग्राउंडवरचं ऊन उतरलं, पोरांना सुट्टी झाली, रायफली मोजून आत गेल्या. हीच एक बाहेर राहिली म्हणून आतून दोनदा माणूस येऊन गेला.

निघताना फाटकावरच्या शिपायाने हटकलं. येतेवेळी भाऊजींनी रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, वेळ सगळं भरलं होतं, फक्त भेटीच्या उद्देशाचा रकाना कोरा सोडला होता. भाऊजींनी पेन घेतलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं: वाचन.